दत्ताराम मेस्त्रीचा तयार कान

सा

शेवंतीचं गाणं अठ्ठ्याऐंशी सालच्या ऑक्टोबरात बंद पडलं. पाण्याचा पंप बंद पडतो तसं नव्हे. पंप बंद पडला की चारकोपात पाच मिनिटांत बोंब होते. गाणं बंद पडलं ते पहिले आठ दिवस कुणाच्या लक्षातही आलं नाही. ज्याच्या आधी यायला हवं होतं तो तिचा नवरा दत्ताराम मेस्त्री त्या वेळी आपल्या कानाची तयारी करत होता, आणि त्यात तो फार गुंतलेला होता.

कानाची तयारी म्हणजे काय, हे सांगायला सत्यनारायणापासून सुरुवात करावी लागेल.

चारकोपातली त्यांची सोसायटी म्हणजे मधल्या चौकाभोवती पस्तीस बैठी घरं, भिंतीला भिंत. एका घरात शिंक आली की तिसऱ्या घरातून कुणीतरी ‘सत्य आहे’ म्हणे. चौकात पूजा झाली, भजन सुरू झालं. पखवाजावर लवू आंगणे. दत्तारामने डोळे मिटून, मान मागे टाकून अभंगाचं ध्रुवपद उचललं. लवूने पखवाज थांबवला. साठ-सत्तर माणसांसमोर तो म्हणाला, “दत्ताराम, तू झांज वाजय. तोंड नुसता हालय.”

माणसं हसली. शेवंतीही हसली, पण पदराआड. आधी मिलमध्ये टाइमकीपर आणि संपानंतर खोक्यांच्या कारखान्यात डिस्पॅच क्लार्क राहिलेल्या माणसाने आयुष्यात बरंच ऐकून घेतलेलं असतं. पण देवासमोर नुसतं तोंड हलवायचं? दुसऱ्याच रविवारी दत्ताराम गोरेगावला अनुपमाताईंच्या गायनाच्या क्लासात जाऊन बसला. बाकीचे सगळे विद्यार्थी पाचवी-सहावीतले. त्याचे गुडघे बाकाखाली मावेनात.

अनुपमाताई त्याच्या पुतणीच्या वयाच्या. त्यांनी त्याच्याकडून सरगम म्हणवून घेतली आणि सौम्यपणे निदान केलं. “आवाज वाईट नाही, मेस्त्री. कान नाही.”

सेहेचाळीस वर्षं दोन कान वागवलेल्या माणसाला हे लागलंच.

“कान तयार करता येतो,” ताई म्हणाल्या. “दोन गोष्टी शिकायच्या. मी पेटीवर कुठलाही स्वर दाबला की न बघता तो ओळखायचा. आणि कागदावर नुसतं सा-रे-ग-म लिहिलेलं असेल, ते गाणं आधी कधी ऐकलेलं नसेल, तरी कागद बघून गायचं.”

“ऐकल्याशिवाय?”

“पत्र नाही का वाचत? कुणी आधी वाचून दाखवलेलं असतं का?”

दत्तारामला एकदम हलकं वाटलं. कागद बघून जे असेल ते बिनचूक उरकणं, हेच तर त्याने जन्मभर केलं होतं. लवू आंगणेला एक ओळ वाचता येत नव्हती. पुढच्या सत्यनारायणाला ध्रुवपद दत्ताराम उचलणार होता, तेही सर्टिफिकेटसकट.

रे

गायनाची परीक्षा डिसेंबरात होती. फॉर्म भरायला दत्ताराम अर्धी रजा टाकून गेला. खिडकीतल्या क्लार्कने फॉर्म वरून खाली वाचला आणि परत सरकवला.

“पालकाची सही राहिली.”

“माझे वडील वारले.”

“मग जे पालक असतील त्यांची आणा.”

“अहो, मीच पालक आहे. माझी मुलगी लग्न होऊन वाकोल्याला असते.”

“असेल. स्वतःचा पालक स्वतःला होता येत नाही. आणि रिकामा रकाना मला वर पाठवता येत नाही.”

दत्तारामला राग यायला हवा होता, पण खरं सांगायचं तर कौतुक वाटलं. रिकामा रकाना त्यानेही कधी वर पाठवला नव्हता. तो फॉर्म घेऊन घरी आला. शेवंती खवणीवर बसून नारळ खवत होती. तिने पदराला हात पुसले आणि सही केली. नात्याच्या रकान्यात दत्तारामने स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहिलं – पत्नी.

“आता तुमका शाळेत सोडूक पण मीच येवचा लागतला?” ती म्हणाली आणि हसत पुन्हा खवणीवर बसली. बसली की गाणं आपोआप सुरू होई. गाणं एकच, तिच्या आईकडचं, मालवणकडच्या घरामागच्या परड्यातलं:

परड्यातली अबोली गो, कोणी खुडून नेली
घोवाच्या गावाक माझी सावली एकटी गेली

हे काही ती कुणाला ऐकवण्यासाठी म्हणत नसे. खवणीचा खर्र-खर्र हाच ठेका. दुसऱ्या ओळीत ‘सावली’वर आली की हात थांबे, आवाज त्या एका स्वरावर जरासा टेकून राही आणि मग खवणी पुन्हा सुरू होई. त्या थांबण्याकडे लक्ष असू द्यावं. गोष्ट तिथेच अडकणार आहे.

ग

(ही जागा सध्या रिकामी आहे.)

म

घरी सराव करायचा तर आधी सा हवा. सा म्हणजे घराचा पाया. तो एकदा पक्का धरला की बाकीचे स्वर त्याच्या अंतरावरून मोजायचे. दत्तारामकडे ना तंबोरा, ना पेटी. अशा वेळी शेजारी धावून येतात, आणि चारकोपात तर ते फक्त भिंतीपलीकडून येतात.

शेजारचे भाऊराव इंगळे टेलिफोनच्या कामावर होते. ते म्हणाले, “मेस्त्री, तंबोऱ्याला कशाला हिंडता राव? फोन उचलायचा. नंबर फिरवायच्या आधी तो घूं वाजतो ना, तो एका सुरात असतो. दिवसभर, बारा महिने. आम्ही त्याची काळजी घेतो.”

सोसायटीत फोन कुणाकडेच नव्हता. कोपऱ्यावरच्या वाण्याकडे होता, डायलला कुलूप लावलेला. पण रिसीव्हर उचलायला कुलूप आड येत नाही. रोज संध्याकाळी दत्ताराम रिसीव्हर कानाला लावून, दुसऱ्या कानात बोट घालून “सा—” लावू लागला. मागे रांग. कुणाला गावी निरोप द्यायचा, कुणाला डॉक्टरला बोलवायचं.

“अहो काका, पलीकडून कोणी बोलतंय का?”

दत्तारामने हातानेच ‘थांबा’ केलं आणि रे लावला.

“बहुतेक कोणीतरी गेलं यांच्याकडचं,” रांगेतली एक बाई हळूच म्हणाली, आणि रांग आदराने दोन पावलं मागे सरली. त्या आठवड्यात घरी तीन माणसं भेटायला आली. शेवंतीने त्यांना चहा दिला आणि कोणी गेलेलं नाही हे प्रत्येकाला वेगळं पटवून दिलं.

पंधरा दिवसांत दत्तारामचा घसा बसला. अनुपमाताईंनी ऐकलं आणि कपाळाला हात लावला.

“मेस्त्री, हा सा कुठून आणलात?”

“वाण्याकडून.”

सगळी हकिगत ऐकल्यावर ताईंनी पेटीवर त्याच्या गळ्याला जुळणारी पट्टी शोधली. मग म्हणाल्या, “तुमचा गळा काळी एकचा, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीचा आहे. काळी एकमध्ये सा धरा, आणि कृपा करून कुठूनतरी पेटी मिळवा.” इकडे भाऊरावांना फार वाईट वाटलं. त्यांच्या खात्याचा सूर एखाद्याच्या गळ्यात बसत नाही, हे ऐकायची त्यांच्यावर पहिलीच वेळ होती.

प

पेटी सोसायटीची होती आणि सचिव अंबादास यांच्या कपाटावर असे.

“आज तुम्हाला पेटी दिली,” अंबादास म्हणाले, “तर उद्या कोणीतरी बारशाला सतरंजी मागेल. अर्ज करा.”

अर्ज झाला, कमिटी बसली, ठराव झाला. फळ्यावर लागलं ते असं:

सूचना. सर्व सभासदांस कळविण्यात येते की संस्थेची पेटी श्री. द. मेस्त्री, घर क्र. १९, यांना परीक्षेपर्यंत वापरण्यास देण्यात आली आहे. सायंकाळी सहा ते सात या वेळेत होणाऱ्या आवाजाबद्दल तक्रार घेतली जाणार नाही. सात वाजून एक मिनिटानंतर घेतली जाईल.
श्री. मेस्त्री यांनीही बोलावल्याशिवाय सभासदांच्या घरात शिरून कुकर, नळ व पाळणे यांचे स्वर सांगू नयेत.
– अंबादास, सचिव

दुसरा परिच्छेद महिन्याभराने जोडावा लागला, कारण ताईंनी सांगितलं होतं, “दिवसभर जे ऐकाल त्याचा स्वर ओळखायचा प्रयत्न करा.” ताईंना चारकोपच्या भिंती माहीत नव्हत्या. दत्ताराम खिशात वही घेऊन फिरू लागला. पंप पंचमात. भाऊरावांचा स्टोव्ह कोमल निषाद, हवा काढली की धैवत. भाऊरावांच्या बायकोला, कमलवहिनींना, त्याने दारातूनच सांगितलं, “वहिनी, तुमच्या कुकरची शिट्टी उतरलीय.” कमलवहिनींनी घाबरून रिंग बदलली. त्यानंतर शिट्टी स्वरात आली, पण कधी यायची ते तिचं तीच ठरवू लागली, आणि इंगळ्यांनी पंधरा दिवस करपलेला भात खाल्ला. कारखान्यात त्याने शेठना कळवलं की आपला भोंगा सहीसही षड्जावर नाही. शेठ म्हणाले, “मेस्त्री, माणसं वेळेवर येतात ना? मग वाजू दे.”

भाऊराव एकदा ओट्यावर बसून त्याची ही वही चाळत होते. म्हणाले, “आमच्याकडं जयंतीला म्हातारी माणसं गातात. दात नसतात काहींना. पेटीवाला त्यांच्या मागनं धावतो, ती पेटीच्या मागनं धावत नाहीत.”

“ते ठीक आहे, भाऊराव. पण शास्त्र म्हणून काही आहे ना.”

“असंल,” भाऊराव म्हणाले आणि वही परत दिली.

आणि विनोदाचा भाग सोडला तर कान खरंच तयार होत होता. सप्टेंबरअखेर ताईंनी दाबलेल्या दहांपैकी आठ स्वर दत्तारामने ओळखले. कागदावरची कधी न ऐकलेली एक ओळ पहिल्या फटक्यात गायली तेव्हा वर्गातल्या पोरींनी टाळ्या वाजवल्या. परतताना तो रस्ताभर स्वतःशी हसत होता. सेहेचाळीसाव्या वर्षी माणसाला नवीन काही ऐकू यायला लागतं, ही साधी गोष्ट नाही. ते सुख खोटं नव्हतं. म्हणूनच पुढचं जास्त लागतं.

ध

ऑक्टोबरातल्या एका संध्याकाळी सहाला पेटी उघडली. शेवंती आत खवणीवर. भिंतीपलीकडे नेहमीचं गाणं चालू. दत्ताराम सरगम घोकत होता आणि ती ‘सावली’वर आली.

त्याने तो स्वर ऐकला. वीस-बावीस वर्षं ते गाणं त्याच्या कानावरून जात होतं, पण आज पहिल्यांदा कानात शिरलं. गंधार. सरगमीतला ग. पण कुठला? त्याने खालचा, कोमल, दाबून पाहिला. नाही. वरचा, शुद्ध, दाबला. तोही नाही. दोन्हीच्या मधे कुठेतरी लोंबकळत होता. चूक! दत्ताराम मेस्त्रीने दुसऱ्याच्या गाण्यातली चूक ऐकली होती! आनंदाने तो पेटी उचलूनच स्वयंपाकघरात गेला.

“शेवंती, थांब, थांब! तुझो गंधार चुकता!”

“माझो कोण चुकता?”

“गंधार गो! ‘सावली’वरचो. ह्यो बघ, ह्यो कोमल. आणि ह्यो शुद्ध. तू मधीच खयतरी लावतंस.”

शेवंतीने खवणीवरून वर बघितलं. “माझ्या आयेन असाच म्हटलेला.”

“मग आयेचोय चुकलो,” दत्ताराम म्हणाला.

हे वाक्य त्याने पुढे अनेकदा मनात परत घेऊन पाहिलं. फॉर्म परत येतो, अर्ज परत येतो, कारखान्यातून गेलेली खोकीसुद्धा परत येतात. हे आलं नाही. पण त्या क्षणी त्याला तसं काही वाटलं नाही. तो शिकवण्याच्या भरात होता. त्याने पट्टी दाबून धरली आणि तिच्याकडून ‘सावली’ म्हणवून घेतली. पहिल्यांदा स्वर खाली आला. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा तिने पट्टीकडे टक लावून पाहत बरोबर शुद्ध गंधार लावला.

“झकास!” दत्ताराम ओरडला.

“भात लागता काय बघतंय,” ती म्हणाली आणि उठली.

एवढंच. भांडण नाही, आदळआपट नाही, डोळ्यांत पाणी नाही. तिने शिकवलेलं शिकून दाखवलं आणि त्या दिवसापासून खवणी नुसती वाजू लागली.

दत्तारामला हे कळायला भजन लागलं. कोजागिरीला चौकात मंडळी बसली. दत्तारामने मागे बसून तिघांना “जरा वर” आणि एकाला “जरा खाली” अशा खुणा केल्या. लवूने पखवाज बाजूला ठेवला. या वेळी त्याच्या आवाजात चेष्टा नव्हती.

“दत्ताराम, तुझो कान तयार झालो, ह्या खरा. पण आता आमका तोंड उघडूची भीती वाटता रे.”

मंडळी उठली. कमलवहिनी जाताना म्हणाल्या, “मेस्त्रीभाऊजी, वहिनींचा घसा बरा नाही का? भिंतीतनं गाणं येत नाही हल्ली. माझं तांदूळ निवडणं त्याच्यावर व्हायचं. आता कंटाळा येतो.”

तेव्हा कुठे त्याने आठवून पाहिलं. मागच्या पंधरा दिवसांच्या नोंदी वहीत होत्या. पंप, स्टोव्ह, रिक्षा, शेजारचं घड्याळ. घरच्या गाण्याची एकही नव्हती.

मग त्याने नाना उपाय केले. “गो, म्हण ना ता गाणा,” म्हटलं. ती म्हणाली, “कामात आसंय.” सहा ते सात पेटी बंद ठेवली. चौकातून लोक विचारायला आले, बरं आहे ना म्हणून. एकदा कारखान्यातून तासभर आधी निघून तो स्वतःच्याच खिडकीखाली वाकून उभा राहिला, आपण नसताना तरी ती म्हणते का ऐकायला. खवणी ऐकू आली. नारळ ऐकू आला. आणि मागून अंबादास ऐकू आले.

“मेस्त्री? स्वतःच्या घराच्या खिडकीशी हे काय?”

“पेन पडलं,” दत्ताराम म्हणाला. अंबादासांनी त्याला दहा मिनिटं पेन शोधायला मदत केली.

नी

परीक्षेला पालकाने सोबत यावं असं प्रवेशपत्रावर छापलेलं होतं. शेवंती डबा घेऊन आली. बोरिवलीच्या त्या शाळेच्या व्हरांड्यात, बाकावर, मुलींच्या आयांच्या रांगेत बसली.

“तुमचं कोण बसलंय परीक्षेला?” शेजारच्या बाईने विचारलं.

“घोव, नवरो माझो,” शेवंती म्हणाली. त्या बाईने आपली पिशवी जरा जवळ ओढली.

आत परीक्षकांनी पाठ करून बसायला सांगितलं आणि आठ स्वर वाजवले. दत्तारामने आठही ओळखले. कागदाची चिठ्ठी पुढे आली: दोन ओळी, नुसते स्वर, शब्द नाहीत. त्याने सा धरला आणि पत्र वाचावं तसं गायला. एकदाही अडखळला नाही.

“उत्तम,” परीक्षक म्हणाले. “आता आपल्या मनाचं काहीतरी म्हणा.”

ताईंनी एक छोटी बंदिश बसवून घेतली होती. दत्तारामने तोंड उघडलं ते ‘परड्यातली अबोली’. दार उघडं होतं. वीस पावलांवर ती बसलेली होती. आपण घेतलेलं आपण सर्वांदेखत परत करतो आहोत, असं काहीसं त्याच्या मनात होतं. पहिली ओळ चांगली गेली. दुसऱ्या ओळीत ‘सावली’ आली. त्याने तो मधला स्वर लावायचा ठरवलं होतं, अगदी ठरवलं होतं. पण गळा सहा महिने पेटीपाशी बसलेला होता. तो थेट शुद्ध गंधारावर जाऊन उभा राहिला, खिळ्यावर टांगलेल्या कॅलेंडरसारखा सरळ.

“वा! स्वच्छ,” परीक्षक म्हणाले आणि त्यांनी आकडा लिहिला.

बाहेर शेवंतीने डबा उघडून ठेवला होता. दत्ताराम तिच्याशेजारी बसला. आपण काय म्हणालो ते तिने ऐकलं का, हे विचारायचा धीर होईना. तिनेच विषय काढला.

“शेवटचा गाणा बरा होता. खयचा ता?”

दत्तारामने तिच्या चेहऱ्याकडे बघितलं. टोमणा असता तर बरं झालं असतं. टोमण्याला त्याच्याकडे उत्तरं होती. तिने त्याच्या पानात चटणी वाढली.

ग

फेब्रुवारीत निकाल लागला. प्रथम श्रेणी. सर्टिफिकेट भिंतीवर लागलं. अंबादासांनी फळ्यावर अभिनंदन लिहिलं. चौकातल्या पूजेला लवूने स्वतः हाताला धरून दत्तारामला पुढे बसवलं. “उचल रे धृपद.” दत्तारामने उचललं. कुणी पखवाज थांबवला नाही. मंडळी मागून म्हणत होती, पण जपून, उंबरठ्यावर पाणी सांडलेलं असावं तशी. दोन अभंगांनंतर दत्ताराम मागे सरकला आणि म्हणाला, “लवू, माका झांज दी.”

परीक्षेनंतर वाढवून घेतलेली पेटीची मुदत संपत आली होती. एका संध्याकाळी त्याने शेवटची उघडली, वही घेतली आणि शेवंतीचं गाणं आठवून स्वरांत लिहायला बसला. ती काही ते म्हणत नव्हती. निदान कागदावर तरी राहावं. पहिली ओळ लिहून झाली. दुसरी ‘सावली’पर्यंत आली.

काळी एकमध्ये सा धरला की कोमल गंधार म्हणजे एक पांढरी पट्टी आणि शुद्ध गंधार म्हणजे तिच्या लगतची दुसरी पांढरी. मधे काळी पट्टीसुद्धा नाही. मधे आहे ती एक फट, पोस्टकार्ड जाईल एवढी. दत्तारामने वाकून त्या फटीत पाहिलं. आत धूळ होती. त्याने दोन्ही पट्ट्या एकदम दाबून पाहिल्या. पेटी किंचाळली.

“ताईंनी स्वरलिपीत बारा चिन्हं शिकवली होती. तेरावं नव्हतं,” असं त्याने दुसऱ्या दिवशी भाऊरावांना सांगितलं. त्यांनी स्वतःचा चहा त्याच्या बशीत ओतला.

पण ते दुसऱ्या दिवशी. त्या संध्याकाळी त्याने त्या जागी काही लिहिलं नाही. जन्मात पहिल्यांदा रकाना रिकामा सोडला, पुढचे स्वर लिहिले आणि कागद पेटीवर उभा केला. आत खवणी चालू होती. त्याने हलक्या आवाजात, नुसत्या स्वरांत, कागद बघून गायला सुरुवात केली. दुसरी ओळ आली. रिकामी जागा आली. कागदावर जे नाही ते गायचं नाही, असं तो शिकला होता. तो थांबला.

आत खवणीही थांबली.

पूर्वी थांबायची तेवढीच. दत्तारामने मान आतल्या दाराकडे वळवली आणि तयार केलेला तो कान दिला. मग खवणी पुन्हा सुरू झाली, आणि त्याने पुढचा स्वर घेतला.